तोंडदेखलं आमंत्रण

पायऱ्यांवरसुद्धा मुलं दाटीवाटीनं बसली होती. नवारा कैरो विद्यापीठातल्या त्या हॉलच्या दारातच थबकली. तिच्या इस्ना गावच्या बाजारातही एवढी गर्दी नसायची, आणि तिथं निदान शेळ्या तरी वाट द्यायच्या!

तेवढ्यात एका मुलानं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा."

ती अंग चोरून बसली. प्राध्यापकांचा अजून पत्ता नव्हता. त्या मुलानं कागद उलगडला... आत गरमगरम तामियाचे वडे भरलेली भाकरी. लसूण-कोथिंबिरीचा वास दरवळला आणि सकाळपासून नुसत्या चहावर असलेल्या नवाराच्या पोटात कावळे ओरडू लागले. त्यानं कागद तिच्यापुढे केला.

"घ्या ना."

नवारानं घेतली. अख्खी!

तो क्षणभर आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग गालातल्या गालात हसला.

दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता. शेजारी पिशवी ठेवून अडवलेली जागा, आणि कागदात दोन भाकऱ्या. तिसऱ्या दिवशीही तेच. आता मात्र नवाराच्या मनात पाल चुकचुकली. कोण कुठला हा... आणि आपल्यासाठी जागा का धरतो?

निघताना स्टेशनवर रिफअतदादा म्हणाला होता, "कैरोत माझे डोळे आहेत, नवारा. तुझ्याबद्दल भलतासलता शब्द कानावर आला, तर पुस्तकं बांधायची आणि घरी यायचं."

हेच तर नसतील ते डोळे? काळेभोर, जरा जास्तच हसरे...

"आज उशीर केलात, नवारा," तो म्हणाला.

ती दचकली. "माझं नाव कुणी सांगितलं?"

"तुमच्या मैत्रिणीनं."

"रीहाम? ती तुमच्याशी बोलली?"

"माझ्याशी कशाला! काल ती जिन्यावरून तुम्हाला हाका मारत होती. अख्ख्या विद्यापीठाला कळलं. आणि माझं नाव हातेम — तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगतो."

"मला नकोच होतं."

"मग विसरून जा," तो हसून म्हणाला. ती विसरली नाही, हीच तर पंचाईत!

संध्याकाळी वसतिगृहात तिनं रीहामला सगळं सांगितलं. रीहाम हसून हसून खाटेवर आडवी झाली.

"अगं खुळे! आपण खात असलो की समोरच्याला 'घ्या' म्हणायचं असतं, आणि त्यानं 'तुम्हीच खा, अंगी लागो' म्हणायचं असतं. नाईलवरचा होडीवाला भर पाण्यातून काठावरच्याला जेवायला बोलावतो ना, तसलं ते! तू त्या बिचाऱ्याचं जेवणच खाऊन टाकलंस!"

नवाराचे कान तापले. इस्नात 'घे' म्हटलं की घ्यायचं असतं. नको म्हटलं तर त्या घरच्या बाईचा अपमान. पण मग दुसऱ्या दिवसापासून दोन भाकऱ्या कशाला? म्हणजे गावंढ्या मुलीची गंमत चालली होती तर! सगळी मित्रमंडळी मागून फिदीफिदी हसत असणार.

सकाळी ती बाकाजवळ उभीच राहिली.

"खरं सांगा. माझ्या दादानं पाठवलंय तुम्हाला?"

हातेमचा चेहरा उतरला. "तुम्हाला... दादा आहे?"

"मग हसता का मला? मित्रांना सांगून?"

"मित्रांना नाही..." तो चाचरला. "आईला सांगितलं. ती म्हणाली, 'इतकी वर्षं तू ज्याला त्याला घ्या-घ्या करतोस, हातेम. आज पहिल्यांदा कुणीतरी तुझा शब्द खरा मानला. तिला उपाशी ठेवू नकोस.' दुसरी भाकरी तीच बांधून देते. आणि मी... तुमच्याशी बोलताना आता जपून बोलतो. उगाच म्हटलेलं तुमच्यापुढे चालत नाही ना."

"मग जपून, पण बोला."

"मला तुम्ही आवडता. फार."

नवारा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, तान्ह्याच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तशी. हसू कुठंच नव्हतं. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

तिनं फोन काढला.

"कुणाला?" हातेम घाबरला.

"दादाला. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते." "दादा... इथं एक मुलगा आहे. मला आवडतो तो. लपवायचं नाही मला."

पलीकडून एवढंच आलं, "दे त्याला फोन."

हातेम ताठ उभा राहिला. "सलाम, रिफअतभाई... हो... हो, आईबरोबरच राहतो... नाही, मुळीच नाही!... आणि नवारा?... हो, कळलं." त्यानं फोन परत दिला आणि कपाळ पुसलं.

"काय म्हणाला?" नवाराचा जीव टांगणीला लागला होता. "मला... घरी बोलावलंय?"

"नाही. म्हणाला, आधी परीक्षा. मी नापास झालो, तर इस्नाच्या वाटेला फिरकायचं नाही."

"आणि मी नापास झाले तर?"

"तेही विचारलं मी. म्हणाला, ती होत नाही."

नवारा चटकन मान वळवून डोळ्यांची कड टिपू लागली. मग धपकन त्याच्या शेजारी बसली.

"मग बघतोस काय असा? वही उघड!"