शेपटीचं पान

फुटाणे घेतलेला माणूस फुटाणे खायचे सोडून पुडीचा कागदच बघत उभा राहिला, तर दुकानातल्या पोरीनं काय समजायचं?

नरसीला, नामदेवाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर संतरामचं छोटं दुकान होतं. फुटाणे, बत्तासे, बुक्का, नारळ. पौषातली एकादशी होती, वाटेवर गर्दी होती, आणि बाप नारळ पोचवायला देवळात गेला म्हणून त्याची लेक मनकर्णा तागडीपाशी बसली होती.

"खवट हायेत का फुटाणे?" तिनं शेवटी विचारलं.

"न्हाई."

"मंग खाऊन काहून न्हाई राहिले?"

त्या तरुणानं मान वर केली. डोक्यावर काळी टोपी, बोटांवर शाईचे डाग, आणि चेहऱ्यावर... जत्रेत लेकरू हरवल्यासारखी काळजी. "ह्या कागदावर इमानाचा पंख हाय," तो म्हणाला. "पर अर्धाच. दुसरा अर्धा कुठं गेला?"

"गेला असंल कुनाच्या बत्ताशासंगं."

तिला वाटलं, हा हसेल. तो वळला आणि चक्क पळत सुटला. देवळाच्या पायरीशी त्यानं एका म्हातारीला गाठलं, हात जोडले, तिचे बत्तासे तिच्या ओच्यात रिकामे केले आणि धापा टाकत परत आला. दोन्ही तुकडे फळीवर ठेवून जुळवले, तेव्हा पंख पुरा झाला. मनकर्णाला हसू आवरेना, आणि आवरावं असंही वाटेना.

"अजून हायेत असे कागद?" त्यानं विचारलं.

"पेटीभर," ती म्हणाली, आणि तिथंच सगळं सुरू झालं.

त्याचं नाव उत्तम. घर कनेरगावला, नोकरी हिंगोलीच्या तहसील कचेरीत, नकलनविसाची. म्हणजे दिवसभर दुसऱ्यानं लिहिलेल्याची बराबर नक्कल करायची. पण जीव सगळा विमानांत. खरी विमानं त्यानं हैदराबादला शिकत असताना लांबून पाहिली होती, तेवढीच. घरी तो त्यांची लहान रूपं बनवायचा. जोंधळ्याच्या ताटातलं भेंड कोरून सांगाडा, वर पतंगाचा कागद, बाभळीचा डिंक, आणि समोरचा पंखा फिरवायला सायकलच्या ट्यूबची पीळ दिलेली पट्टी. दिसायला छान व्हायची. उडायची मात्र नाहीत, कारण मापं अंदाजाची.

आणि मापं होती संतरामच्या पेटीत. कापसाच्या कारखान्यातला एक इंजिनिअर साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याची रद्दी संतरामनं वजनावर उचलली होती. विमानांच्या मासिकांचे कित्येक वर्षांचे अंक होते ते. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर हौशी लोकांसाठी नकाशा छापलेला असे, तोही तुकड्या-तुकड्यांनी. एका अंकात पंख, दुसऱ्यात धड, पुढं कधीतरी चाकं.

"बघ बाबा," संतराम म्हणाला. "पर जेवढी पानं नेशील तेवढा दुसरा कागद आणून टाकायचा. माझ्या पुड्या आडून ऱ्हायल्या न्हाई पायजे."

"बराबर हाय, काका."

निजामाच्या राज्यात कचेरीला शुक्रवारची सुट्टी. दर शुक्रवारी सायकल यायची, कॅरिअरला बाजारातली रद्दी बांधलेली. मग दुकानामागच्या पडवीत पेटी उघडायची, आणि कापराचा, वाळवीचा, जुन्या शाईचा वास सुटायचा. उत्तम पानं चाळायचा. मनकर्णा सूप घेऊन समोर बसायची, म्हणजे डाळ निवडतेय असं दिसायला हरकत नाही. तिची आत्या द्वारकाबाई दारातून एक डोळा ठेवून असायची. मनकर्णाची आई गेल्यापासून आत्यानंच तिला वाढवलं होतं, आणि अठरावं सरत आलं तरी पोरीचं लग्न ठरत नाही, हा घोर तिनं एकटीनं वाहायला घेतला होता.

मनकर्णाला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं येत होती. फाटक्या पानांच्या कडा जुळवण्यात तर ती त्याच्याहून चलाख निघाली.

"हे बघा," ती एकदा म्हणाली. चित्रात चामड्याची टोपी घातलेली एक बाई विमानात बसली होती, चष्मा कपाळावर सरकवलेला. "ही बाई इमान हाकती व्हय?"

"व्हय. एकलीच समुद्रावरून जाती."

"तिचा बाप काई म्हनत न्हाई?"

"म्हनत असंल की... पर वरून आयकू येत नसंल."

ती हसली आणि पुन्हा चित्राकडे बघू लागली. किती तरी वेळ बघत राहिली. आपण बसलोय हे सूप, ही पडवी, नरसीची ही वाट, हे सगळं वरून कसं दिसत असेल, याचा विचार तिनं आजवर कधी केला नव्हता. तिनं वर पाहिलं तेव्हा उत्तम हातातलं पान तसंच धरून तिच्याकडे बघत होता. त्यानं घाईनं ते पान अंकात घातलं आणि अंक गठ्ठ्यात खुपसला.

"काय व्हतं त्यात?"

"काई न्हाई... तेलाची जाहिरात."

माघ सरला. पंख मिळाले, धड मिळालं, चाकंही मिळाली. राहिली फक्त शेपटी. आणि पेटी तळाला आली.

पेटीचा तळ दिसला तसा मनकर्णाला घोर लागला. कागद संपले, मग हा माणूस नरसीला कशाला येईल? देवाला? देवाकडं तर तो आजवर घाईघाईनंच हात जोडून आला होता. तो कागदांसाठी येतो की आपल्यासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. मग तिनं सरळ एक काम केलं. तळातला शेवटचा गठ्ठा उचलला आणि माळ्यावर नेऊन ठेवला. दोन-तीन शुक्रवार पुरवून पुरवून काढू म्हणून.

प्रेमात पडलेल्या माणसाला स्वतःच्या घराची रीतही आठवत नाही, ती अशी. त्या घरात माळ्यावरचा कागद म्हणजे आत्याचा कागद. ऊन कडक झालं की द्वारकाबाई तो भिजत घालायची, मेथ्या वाटून त्यात मिसळायची, कुटून लगदा करायची आणि जुन्या दुरड्या-टोपल्या लिंपायची. हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी गठ्ठा ठेवताना मनकर्णाला त्यातलं काहीच आठवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी उत्तम आला, तेव्हा अंगणात टोपल्या वाळत होत्या. करड्या लगद्यात मधूनच एखादं चाक, एखादं इंग्रजी अक्षर, चष्मा लावलेल्या कुणाचं तरी कपाळ दिसत होतं.

"झ्याक कागद व्हता," द्वारकाबाई हात धूत म्हणाली. "लोन्यावानी लगदा झाला."

उत्तम टोपल्यांपुढं उभा राहिला. मनकर्णा पुढं झाली आणि तिनं सांगून टाकलं, "मीच ठेवला व्हता माळ्यावर... लपवून."

"काहून?"

आता सांगायचं होतं. पण आत्या तिथंच उभी होती.

"असाच," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पार उतरला होता. खाली मान घालून त्यानं सायकल वळवली आणि आणलेली रद्दीही न उतरवता निघून गेला.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. मनकर्णानं दिवसभर वाटेकडे पाहिलं आणि आपण वाट पाहत नाही असं स्वतःला बजावलं. संध्याकाळी संतरामनं आत्याला सांगितलं की, वसमतहून निरोप आलाय, हळदीच्या व्यापारातलं घर आहे, माणसं पोरगी बघायला येणार आहेत. मनकर्णानं ते ऐकलं आणि गुपचूप जेवायला वाढलं. तिला रडू येत होतं. कागद संपले होते आणि तो आला नव्हता, म्हणजे जे विचारायची सोय नव्हती त्याचं उत्तर तिला मिळालं होतं.

आणि मग, आमटीत मीठ दोनदा पडू लागलं होतं अशा दिवसांत, शुक्रवारी सकाळीच सायकलची घंटी वाजली. हँडलला पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं बांधलं होतं.

"कागद संपले रे," संतराम तागडीपासूनच म्हणाला. "तुला ठाव न्हाई का?"

"ठाव हाय, मामा."

संतरामचा हात तागडीवरच थांबला. पौषापासून हे पोरगं त्याला काका म्हणत आलं होतं. आणि ज्याच्या घरात लग्नाची पोरगी आहे, त्याला कुणी काकाचा मामा करू लागलं, तर आमच्याकडं ते कशासाठी हे शेंबड्या पोरालाही कळतं. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो. संतरामनं त्याला खालपासून वरपर्यंत एकदा नीट पाहिलं.

"नारळ आणून राहिलो मी," तो म्हणाला आणि उठला. समोर नारळांचा ढीग होता.

पडवीत उत्तमनं पंचा सोडला. दोन्ही हात पसरावे एवढे पंख, पिवळा पतंगाचा कागद, सुरेख निमुळतं धड. आणि मागं काहीच नाही.

"उडतं?" मनकर्णानं विचारलं. आवाज नीट निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

त्यानं पट्टीला पीळ दिला आणि विमान सोडलं. ते हातभर सरळ गेलं, मग नाक खाली करून मातीत आपटलं.

"शेपटी न्हाई," तो म्हणाला.

"माझ्यापायी..."

"तुमच्यापायी न्हाई." तो खाली बसला, विमानावरची माती फुंकत. मान वर करेना. "शेपटीचं पान मला कवाच घावलं व्हतं. माघातच."

"मंग?"

"मंग काय... ते घेतलं असतं तं काम सरलं असतं. यायला निमित्त काय ऱ्हायलं असतं? म्हून मीच ते परत गठ्ठ्यात घातलं. सगळ्यात खाली."

मनकर्णा बघत राहिली. सगळ्यात खालचा गठ्ठा... तोच तर तिनं माळ्यावर नेला होता. त्यानं लपवलेलं तिनं लपवलं आणि आत्यानं कुटलं.

"त्या दिशी मला तुमचा राग आला न्हाई," तो म्हणाला. "माझीच शरम वाटली. तुमी खरं बोलल्या, आन् मी न्हाई बोललो. ते बोलायला दोन शुक्रवार लागले."

"मी बी पुरतं कुठं बोलले." तिनं पदर सावरला आणि या वेळी थांबली नाही. "असाच न्हाई लपवला. तुमी यायचे बंद व्हताल म्हून लपवला."

उत्तमनं विमान अलगद तिच्या सुपाशेजारी ठेवलं.

"पर एकदा पाह्यलं व्हतं ना पान?" तिनं हळूच चिमटा काढला. "नकलनवीस ना तुमी? बराबर याद पायजे."

"पाह्यलं व्हतं... पर तवा तुमी समोर बसून त्या बाईचं चित्र बघून राहिल्या व्हत्या. कागदाकडं ध्यान कुठं व्हतं माझं?"

मनकर्णानं रिकामं सूप उगाचच पाखडलं.

"आई येते म्हनून राहिली," तो म्हणाला, आता सरळ तिच्याकडे बघत. "पुढच्या शुक्रवारी. तुमाला मागायला. तुमची... हरकत असंल तं आताच सांगा."

"शुक्रवारी नका आणू," मनकर्णा म्हणाली.

त्याचा चेहरा उतरू लागला तसं तिनं घाईनं पुढं सांगितलं, "वसमतची मानसं गुरुवारी येऊन राहिली. तुमी बुधवारी या."

"बुधवारी कचेरी हाय..."

"मंग रजा टाका."

उत्तमनं एकवार तिच्याकडे, एकवार नारळांच्या ढिगाआड उगाच उभ्या असलेल्या संतरामकडे पाहिलं.

"टाकतो," तो म्हणाला.