फुग्याची चपराक

ए, फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही, मोबाइल पण खाली ठेव.

हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. ज्याला खोटं वाटेल त्याने जाऊन त्याचं तोंड बघावं.

खरंच सांगतो, तोंडच बघावं.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवारची भर दुपार. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत थिएटर खचाखच भरलेलं.

दादा कॉमेडी करतो. म्हणजे, आता एकटाच करतो. आधी ते दोघं होते, तो आणि फुग्या. फुग्याचे गालच तसे होते, नुसते फुगवले तरी अर्धं थिएटर लोळायचं. दादा व्हायचा होणारा सासरा, फुग्या होणारा जावई. सासरा विचारणार, जावई वाकडं उत्तर देणार, की फाट्कन थोबाडीत.

आता ती थोबाडीत कशी मारतात माहितीये? हात गालाला लागतच नाही. वीतभर लांबून जातो. मार खाणारा मान झटकतो आणि खाली, कोणाला दिसणार नाही अशी, टाळी वाजवतो. फुग्याचा हात त्यात इतका बसलेला की समोरची माणसं स्वतःचे गाल चोळायची.

लिहिलेलं पण सगळं त्यानेच.

मग दादाने तेच एकट्याने करून व्हिडिओ टाकला. असा चालला, की विचारू नकोस.

फुग्याने चारचौघांत विचारलं, "काय रे, माझं पोर तुझ्या मांडीवर कसं?"

दादा म्हणाला, "जोकवर काय नाव कोरलेलं असतं का?"

फुग्या गप्प बसणाऱ्यातला नव्हता. दिसेल त्याला सांगत सुटला, हा चोर आहे म्हणून.

आणि मग एक कुजबुज उठली...

फुग्या मेकअप रूममध्ये मुलींच्या अंगचटीला येतो म्हणे.

कोणती मुलगी? माहीत नाही. कोण बोललं? माहीत नाही. पण 'म्हणे'ला काय, पाय फुटायला वेळ लागत नाही. फुग्याची कामं बंद झाली. एक दिवस काही पोरांनी त्याला थिएटरच्या मागे पार्किंगमध्ये गाठलं आणि हेल्मेटने तोंड फोडलं. तो ओरडत होता, "अरे, मी काही नाही केलं रे!"

बाजूला लोक उभे होते. सगळे ओळखायचे त्याला.

त्यांना वाटलं, शूटिंग चाललंय.

हसत होते रे. व्हिडिओ काढत होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता तो.

आणि त्याच थिएटरमध्ये दादाचा हा रविवारचा शो. पहिल्या रांगेत मोठ्या कंपनीचा माणूस बसलेला. त्याला आवडलं तर वर्षभराचा दौरा, गावोगावी पोस्टर. दादा कित्येक दिवस याच शोसाठी झुरत होता.

एकट्याने करायचं म्हणजे एक हात गालाजवळून झपकन न्यायचा आणि दुसऱ्याने मांडीवर थाप मारायची. दादाने सासऱ्याचा आवाज काढला.

"व्यसन काही?"

"एकच. खोटं बोलायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे तेही नाही."

हात गेला. फाट्...

थिएटर फुटलं हसून.

पण दादाचा दुसरा हात अजून मांडीपर्यंत पोचलाच नव्हता.

त्याला वाटलं, साउंडवाला मस्करी करतोय. त्याने विंगेत बघितलं. साउंडवाल्याने दोन्ही हात वर करून दाखवले. मी नाही.

पुढचा प्रश्न. पुढचं उत्तर. या वेळी दादाने हात हलवलाच नाही...

फाट्.

डावीकडून आवाज आला. जिथे फुग्या उभा राहायचा तिथून.

दादा दचकून उजवीकडे सरकला. तरी तो बोलत राहिला, कारण कंपनीचा माणूस गुडघे बडवून हसत होता.

तिसऱ्या वेळी आवाज आला... आणि गाल पेटला.

मग थांबेचना. डावीकडून, उजवीकडून. ओठ फाटला. नाकातून रक्ताची धार लागली. दोन दात स्टेजवर पडून टकटक करत घरंगळले.

आणि लोक? पोट धरून हसत होते.

मागून कोणीतरी म्हणालं, "काय ॲक्टिंग करतो रे, वा!"

दादा विंगेकडे पळाला. मागून कॉलर आवळली गेली, गळा दाबला गेला आणि त्याला फरफटत मधोमध आणून आपटलं. कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त ओघळलं. समोर नुसती हसणारी तोंडं.

आणि कानाशी एक आवाज...

फुस्स...

फुगवलेल्या गालांतून कोणीतरी हळूच हवा सोडावी तसा.

दादा गुडघ्यांवर कोसळला. माइक धरून म्हणाला, "हे माझं नाही. फुग्याचं आहे. मी चोरलं."

लोक अजूनच हसले.

पण मार थांबला.

कोणीतरी अगदी जवळ उभं होतं, वाट बघत. दादाला कळलं, अजून एक गोष्ट राहिलीये. ती कुजबुज. तिचा उगम एकट्या त्यालाच माहीत होता. कँटीनमध्ये चहा पिता पिता त्यानेच एकाला सहज म्हटलं होतं, "फुग्या असताना मुलींना जरा जपून राहायला सांग."

बस, एवढंच.

आता फक्त तेवढं बोलायचं होतं. तोंड उघडलंही त्याने. आणि समोर कंपनीचा माणूस दिसला, पुढे झुकलेला, खूश.

दादा हसला. रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाला, "बाकी फुग्या कसा होता, ते मेकअप रूमला विचारा."

मोठा हशा झाला.

आणि मग जो आवाज आला ना... तो टाळीचा नव्हता. जबडा मोडल्याचा होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर म्हणाले, पडून असं होत नाही, कोणी मारलं? व्हिडिओत तर दादा एकटाच दिसतो. दोन्ही हात खाली, आणि मान इकडून तिकडे झटके खातेय.

जबडा तारांनी बांधलाय, त्याला बोलता येत नाही. हे सगळं त्याने मला मोबाइलवर टाइप करून पाठवलं. खाली लिहिलं, 'वाचून डिलीट कर.' कंपनीचा फोन आलाय, दौरा पक्का. तो तयार आहे.

मी डिलीट नाही केलं.

काल फुग्याची आई जिन्यात भेटली, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. अजून कोणी तिच्या घरी जात नाही. तिने माझा हात धरला. "तू तर ओळखायचास त्याला. खरंच तसा होता का रे माझा मुलगा?"

मोबाइल माझ्या खिशात होता.

पण दादा आमच्या घरातला रे. मावशीने जेवण सोडलंय.

मी म्हटलं, "मला काय माहीत, काकू."

तेव्हापासून माझा हा डावा गाल गरम आहे. हात लावून बघ ना.

लागतोय ना गरम?

खरं सांग, तू असतास तर काय केलं असतंस?