कोपराला कोपर

मंदा पावसेच्या नातीच्या बारशाला सगळं कसं रीतसर चाललं होतं. घुगऱ्यांचं पातेलं उतरलं होतं, आत्याचं बाळाच्या कानात नाव सांगून झालं होतं. मग मंदा आणि तिची शेजारीण हेमलता चोगले, दोघींनी मिळून बाळाला पाळण्यात ठेवलं. ठेवताना दोघींच्या कोपराला कोपर लागलं.

आणि त्यांचे हात कामाला लागले.

आधी हेमलताचे, पाठोपाठ मंदाचे. डाव्या हाताने धरायचं, उजव्याने डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा. कोळंबी सोलायचा हाच क्रम, पण पाळण्यात कोळंबी नव्हती. मंदाच्या डाव्या हाताने बाळाचं अंग धरलं आणि उजव्याने टोपडं उपटलं. सुनेने, सायलीने, झडप घालून पोर उचललं तेव्हा दोघी बायका रिकाम्या पाळण्यात सोलत होत्या आणि सोलता सोलता रडत होत्या.

दोष द्यायचाच तर डॉ. ऋता सबनीसला द्यावा लागेल, आणि तो देताना जीभ अडखळते. या बाईने अर्धं आयुष्य कोळंबी बघण्यात घालवलं. खाण्यात नव्हे, बघण्यात. कोळंबीच्या पोटाखाली पोहायच्या पायांच्या पाच जोड्या असतात. पोहताना त्या एकदम हलत नाहीत. आधी सगळ्यांत मागची, मग तिच्या पुढची, अशी लाट मागून पुढे सरकते. हा ताल मेंदू धरत नाही. प्रत्येक पायाजवळ मज्जापेशींचा एक छोटा घोळका असतो, तोच धरतो. ऋता त्याला तालगाठ म्हणायची. एका गाठीकडून पुढच्या गाठीला बारीकसा निरोप जातो, ‘मी निघाले, आता तू.’ एवढ्यावर कोळंबी जन्मभर पोहते.

बंदरावरच्या कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या बायकांची मनगटं सुजायची. ते पाहून ऋताने बाही बनवली. जाळीदार कापडाची, बोटांपासून मानेपर्यंत. बाही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत सोलण्याचा ताल धरायची आणि कोपरापाशी शेजारणीच्या बाहीला निरोप द्यायची. टेबलाच्या टोकाला हेमलता बसे, म्हणून लाट तिच्यापासून निघे. पुढची मंदा, मग बाकीच्या. हात आपोआप चालत, दुखत नसत. बायका खूश होत्या. हात कामाला आणि तोंड मोकळं, आणखी काय हवं?

एकच गोष्ट बंद पडली. हेमलताला एक खोड होती. सोलता सोलता मध्येच एक साल टिचकीने उडवून मंदाच्या मनगटावर मारायची. “झोपलीस काय गो?” बाही आल्यावर हात तसं करेनात. तालात खोडीला जागा नव्हती.

बारशाला तर दोघींच्या हातात बाहीही नव्हती. त्यानंतर कारखान्याने सगळ्या बाह्या काढून घेतल्या. पण मज्जारज्जू शिकायचं ते शिकून बसला होता. बाहीतला निरोप कोपरापाशी यायचा, आता नुसता कोपराचा स्पर्शच निरोप झाला. शिकवलेलं पुसायचं कसं, हे ऋताला माहीत नव्हतं. बायकांसमोर ते कबूल करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“टेबलाला शेजारी बसणाऱ्या बाईचं कोपर लागू देऊ नका,” ती म्हणाली. “हळूहळू विसरेल कदाचित.”

जन्मभर खेटून बसलेल्या बायका मग हात-हात अंतर सोडून बसू लागल्या. मासळीबाजारात, हळदीकुंकवाला, मयताच्या घरीसुद्धा. हेमलता लांबून ओरडायची, “काय गो मंदे, सोवळ्यात हायस काय?” मंदा हसायची. सायलीने धीर करून पुन्हा नात तिच्या मांडीवर दिली होती. हात शांत राहत होते. त्या पोरीच्या जावळाच्या वासावर मंदाचा दिवस निघत होता.

मग हेमलताला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उघड्या डोळ्यांनी ती छताकडे बघत पडून राही. ती कुणाला ओळखते की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मंदा भेटायला गेली, उशी सारखी करायला वाकली आणि चुकून कोपर लागलं. हेमलताचा गेलेला हात उचलला गेला आणि सोलू लागला.

“आई!” तिचा मुलगा तेजस किंचाळलाच.

ऋताला बोलावणं गेलं. तिने मंदाला पुन्हा एकदा कोपर लावायला सांगून हात पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

“तेजस, हात हलतोय. पण तो आईने हलवलेला नाही. हा निरोप मानेच्या वर जातच नाही. कोळंबीचं डोकं काढलं तरी पाय चालवता येतात, तसंच हे.”

“पण हलतोय ना, मॅडम? एरवी तर बोटसुद्धा हलत नाही. मंदाकाकी रोज बसल्या तर?”

ऋताने मंदाकडे पाहिलं. “मंदाताई, तुम्ही रोज बसलात तर विसरत आलेला ताल पुन्हा पक्का होईल. मग हेमाताईंचंच कोपर लागेल असं नाही. मांडीवरच्या पोरीने लाथ मारली तरी हात सुटतील.”

दारात सायली उभी होती, नात कडेवर. मंदा उठली, पोरीजवळ गेली आणि हात न लावता, नुसतं वाकून, तिच्या टाळूचा वास घेतला. बराच वेळ घेतला.

“हिला आता माझ्याकडे देऊ नको गो,” ती सुनेला म्हणाली. “मी मागितली तरी देऊ नको.”

मग ती हेमलताच्या उजव्या अंगाला खेटून बसली आणि तिने कोपराला कोपर लावलं.

हेमलताचा हात उठला, पाठोपाठ मंदाचे. मोडायचं, ओढायचं, काढायचं. हातात काही नसताना लाट मागून पुढे जात होती, ऋताने कोळंबीत पाहिली होती तशीच. तेजस भिंतीला डोकं टेकून रडत होता. ऋताला तिथून पळून जावंसं वाटलं. आपण केलेलं आपल्याला थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर या मुलाकडून एवढंही जाईल. कुठूनही हात घातला तरी हाती काहीच लागत नव्हतं.

आणि लाट अडखळली.

हेमलताचं बोट अंगठ्याखाली वळलं, ताणलं आणि सुटलं. मंदाच्या मनगटावर टिचकी बसली. हलकी, पण नेमकी. लगेच हात पुन्हा तालात गेला. डोळे छताकडेच होते.

थकलेल्या स्नायूला असा झटका येऊ शकतो, हे ऋताला माहीत होतं. तालात या हालचालीला जागा नाही, हेही तिलाच माहीत होतं. जागा तिनेच ठेवली नव्हती.

मंदाचे हात थांबत नव्हते, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. ओल्या तोंडानेच तिने मान वर केली.

“डॉक्टरबाई, तुमच्या कोळंबीला खोडी काढता येते काय हो?”