एक पंख गनचा, एक पंख ब्रशचा

शिरूरच्या पेठेत म्हस्कूमामाचं रंगाचं दुकान आहे. धनश्री तिथं आपली स्प्रे गन विकायला आली होती आणि तिला ती विकवत नव्हती. काउंटरवर ठेवायची, पुन्हा उचलायची, ओढणीच्या टोकानं पुसायची...

"द्यायची हाय का न्हाई, पोरी?" म्हस्कूमामानं विचारलं.

"देते की. घाई काय हाय."

तेवढ्यात एक उंचेला गडी आत आला. अंगात कंपनीचा राखी युनिफॉर्म, कोपरावर ग्रीसचा डाग, डोळे रात्रपाळीचे. म्हणाला, "मऊ केसांचे ब्रश द्या, मामा. केस गळणारे नकोत."

"भिंतीला का दाराला?"

गडी जरा घुटमळला. "विमानाला."

मामानं वर पाहिलंसुद्धा नाही. "गॅदरिंगचं व्हय? कंची शाळा?"

"न्हाई... खरंच. एक माणूस बसंल असं."

धनश्रीला हसू आवरेना. "विमान आन् ब्रशनं? तुळशीवृंदावन हाय का ते, गेरू लावायला?"

तो वळला. आधी त्यानं तिच्या हातातली गन पाहिली, मग तिला पाहिलं. "मग कशानं लावायचं म्हणता?"

"ह्याच्यानं. सात वर्षं गाड्यांच्या टाक्या रंगवल्यात मी रांजणगावला. टाकीत बघून माणसानं भांग पाडावा, असा हात हाय."

"मग गन विकताय कशाला?"

एवढासा प्रश्न, पण धनश्रीचा श्वास एक पायरी चुकला. "विकतंय कोण? किंमत काढायला आले व्हते," म्हणत तिनं गन पिशवीत सारली.

खरं असं होतं, की दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं. टाकीच्या रंगात जे हार्डनर घालतात, त्याचं धुकं तिच्या छातीत घर करून बसलं होतं. पुन्हा त्या धुक्यात उभ्या राहिलात तर छाती मिटेल, ते म्हणाले. कंपनीनं तिला पेंट शॉपमधून काढून पॅकिंगला बसवलं. आता ती खोक्यांना चिकटपट्टी लावायची, आणि पर्समध्ये बसच्या पासाशेजारी श्वासाचा पंप ठेवायची. कंपनीबाहेर हे ठाऊक होतं फक्त कारेगावच्या खोलीत तिच्यासोबत राहणाऱ्या आईला, बानूबाईला.

त्या गड्याचं नाव विश्वजीत. रांजणगावातच एका कारखान्यात मेंटेनन्सला, गाव वडगाव रासाई. दुकानाच्या पायरीवर तो म्हणाला, "एकदा येऊन बघता का? हसायला तरी या."

ती हसायलाच गेली.

भीमेच्या काठाला उसाच्या दोन पट्ट्यांमध्ये कोंबड्यांचं लांबलचक शेड होतं. रोगाच्या साथीत सगळ्या कोंबड्या मागच्या खड्ड्यात पुरल्या, तेव्हापासून त्या खड्ड्यावर आबांनी काही पेरलं नव्हतं. आबा म्हणजे विश्वजीतचे वडील, आनंदराव. ते शेडाच्या दारात खाटेवर बसलेले असत.

"या," आबा म्हणाले. "कोंबड्या गेल्या. आता आमच्या लेकानं कावळा पाळलाय."

आत विमान होतं. सहा वर्षं शिफ्ट सांभाळून त्यानं एकेक नळी जोडलेली. सांगाड्यावर पांढरं कापड चढवलेलं, इस्त्रीनं ताणून ताशासारखं केलेलं. दोन्ही पंख अजून सुटे, घोडीवर आडवे ठेवलेले. धनश्रीनं बोटानं कापडावर टिचकी मारली. धुम्म... असा आवाज उठला आणि तिचं हसू ओठांतच राहिलं.

"उडवणार कवा?"

"दिल्लीवरनं परवानगीचा कागद येईपर्यंत नुसतं जमिनीवर पळवायचं. पण कागद येईल. मी थांबणारा माणूस हाय."

"ते दिसतंय," ती म्हणाली, आणि उगीचच दुसऱ्या पंखाकडे वळली.

पहिले हात ब्रशचेच द्यायचे होते, त्यात वाद नव्हता. कापडाची वीण बुजवणारं औषध आत मुरवायचं, तर ते घासूनच मुरवावं लागतं. दारं सताड उघडी, नदीचा वारा आरपार. धनश्री तोंडाला मास्क बांधून पंखाच्या एका टोकाला उभी राहायची, विश्वजीत दुसऱ्या टोकाला. दोघांनी मधे सरकत यायचं. थांबायची सोय नाही. एकाची कड वाळली, की दुसऱ्याचा हात तिथं येऊन अडतो आणि जन्माची रेघ उठते. बानूबाई दळताना गायची त्या चालीवर धनश्रीनं आपलंच काहीबाही जुळवलं होतं, हाताला लय यावी म्हणून.

*अलीकडून मी गं येते, पलीकडून ये रे तू*
*ओली कड वाळू नको, मधी हात दे रे तू*

"हे कुणाला म्हणताय?" पलीकडून विचारणा झाली.

"ब्रशला."

"ब्रशला हात असतो व्हय?"

"तुमच्या ब्रशला न्हाई. म्हणून तर मागं पडतोय."

मधोमध दोन ब्रश भेटायचे. एकदा ब्रशच्या आधी बोटं भेटली. कुणी मागं घेतली नाहीत... आणि त्या दिवशी पंखाच्या मध्यावर एक रेघ उठलीच.

"ही कुणाची चूक?" तिनं विचारलं.

"दोघांची. राहू दे," तो म्हणाला. तेव्हापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं.

पौष संपता संपता चंदेरी थर वाळला. उन्हापासून कापड राखणारा तो थर. आता वरचा निळा रंग उरला, आणि वाद उभा राहिला.

"ब्रशनंच लावू," विश्वजीत म्हणाला. "ब्रशची चूक डोळ्यांला दिसते. गनची चूक झाकून बसते."

"माझ्या गनची चूक सात वर्षांत कुणी काढली न्हाई."

"मी कुठं काढतोय? पण तू खोकतेस हल्ली. त्या धुरळ्यात..."

"थंडीचा खोकला हाय," ती पटकन म्हणाली.

ह्याला सांगावं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण दुकानात त्यानं पहिल्यांदा पाहिली होती ती गनवाली पोर. चिकटपट्टी लावणारी, पंप ओढणारी पोर त्याला ठाऊकच नव्हती. ती कळल्यावर ह्याच्या नजरेत काय उरेल? कीव. दुसरं काय.

"पैज लाव," ती म्हणाली. "एक पंख माझा, गनचा. एक तुझा, ब्रशचा. जो सरस ठरंल, तसं बाकीचं अंग."

"आन् हरलो तर?"

"हरलास तर जन्मभर माझं ऐकायचं."

"ते तर आत्ताच ऐकतोय," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला निघून गेला. धनश्री कितीतरी वेळ त्या पाठीकडे बघत राहिली.

गुरुवारी तिला सुट्टी होती, त्याला फर्स्ट शिफ्ट. तो यायच्या आत पंख चकाकता करून ठेवायचा, असं तिनं ठरवलं. एकच पंख. तासाभराचं काम. सोबत तिनं आणला होता तिचा हातखंड्याचा रंग, टाकीला मारतात तो, हार्डनरसकट. कॉम्प्रेसर सुरू केला, तोच शेजारच्या रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं. काळी काजळी वाऱ्यावर तरंगत शेडात येऊ लागली. ओल्या रंगावर एक कण बसला तरी सगळं वाया. धनश्रीनं दारं लावून घेतली, फटीत गोणपाटं कोंबली, मास्क आवळला आणि गन उचलली.

हात कसा सुटला होता... कितीतरी महिने मुकी असलेली गन बोलायला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळं पाणी पसरत गेलं. तिसऱ्या फेरीला छातीत कुणीतरी मूठ आवळली. तिनं ओळखलं. अर्ध्यात सोडलं असतं तर पंख डागाळला असता. तिनं सोडलं नाही. पंख पुरा झाला तेव्हा डोळ्यांपुढं निळं होतं की काळं, तिला कळत नव्हतं. दाराशी जाईपर्यंत गुडघे टेकले. पंप पर्समध्ये होता आणि पर्स बाहेर खाटेवर.

गोणपाटं ढकलून आबांनी दार उघडलं. सत्तरीच्या त्या माणसानं तिला उचलून पिकअपमध्ये घातलं आणि शिरूर गाठेपर्यंत एका हातानं गाडी हाकत दुसऱ्या हातानं तिचं डोकं धरून ठेवलं.

विश्वजीत शिफ्टच्या कपड्यांतच दवाखान्यात पोहोचला. धनश्रीच्या तोंडावर ऑक्सिजनची वाटी होती. बानूबाई बाकावर बसलेली.

"डाक्टरनं तिला आधीच सांगितलं व्हतं, बाबा," बानूबाई म्हणाली. "रंगाच्या वाऱ्याला उभी राहू नको म्हणून. तुला बोलली न्हाई?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

चौथ्या दिवशी तिला बोलता आलं. "रागावलास?"

"व्हय."

"पंख कसा झालाय?"

"त्याच्यावरच रागावलोय," तो म्हणाला, आणि तिचा पंजा दोन्ही हातांत घेऊन बसला.

ती जगली. पण छाती पहिल्यासारखी झाली नाही. कारेगावच्या खोलीला दोन जिने होते. दर सहा पायऱ्यांना ती कठडा धरून थांबे. गन म्हस्कूमामानं घेतली, घासाघीस न करता.

होळी झाल्यावर एका सकाळी विश्वजीत तिला वडगावला घेऊन आला. दोन्ही पंख त्यानं बाहेर उन्हात मांडले होते. त्याच्या पंखावर ब्रशच्या बारीक रेघा होत्या, नांगरटीसारख्या. तिचा पंख म्हणजे आरसा. त्यात वरची घार फिरताना दिसत होती.

"हरलो मी," तो म्हणाला.

धनश्री जवळ गेली. टाकी हातावेगळी करताना अंगठा दाबून बघायची सवय होती. तसाच तिनं पंखाच्या मधल्या कापडावर अंगठा दाबला. कापड खाली गेलं, वर आलं. आणि अंगठ्याभोवती केसासारखे तडे उमटले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. तिनं आणखी एका जागी दाबलं. तिथंही तेच.

टाकी पत्र्याची असते. ती लवत नाही. हा रंग पत्र्याचा होता, आणि कापड प्रत्येक वाऱ्याला लवणार होतं. सात वर्षांच्या हाताला हे सुचलंच नव्हतं. तड्यांतून ऊन शिरणार, पाणी शिरणार, आतलं कापड कुजणार. मग एके दिवशी वर, आभाळात...

"तुला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

विश्वजीतनं तड्यांवर तळवा ठेवला.

"कवापासनं?"

"पंधरा दिवस झालं."

"मग घासला का न्हाईस?"

"कसा घासू?" त्याचा आवाज फाटला. "छातीवर घेऊन रंगवलायस तो. तुझ्या हातचं शेवटचं काम हाय. तसाच ठेवतो. न्हाई उडवलं तर न्हाई उडवलं... शेडात राहील उभं."

"आन् दिल्लीचा कागद आला म्हंजी? तू थांबणारा माणूस न्हाईस, मी वळखते तुला. एक दिवस म्हणशील, चक्कर मारून बघू. आन् मी खाली उभी राहून वर बघत बसू?"

त्यानं आळीपाळीनं दोन्ही पंखांकडे पाहिलं.

"घास, इस्वा. चंदेरी थर दिसंपर्यंत घास. पाणी मारून घास, धुरळा उडता कामा नये. मग तुझ्या ब्रशनं लाव."

"तुझ्याच्यानं बघवंल?"

"न्हाई बघवणार. म्हणून तिकडं बसते. वाऱ्याच्या वरच्या अंगाला."

आबांनी न बोलता आपली खाट उचलली आणि बांधावर, शेवरीच्या सावलीत नेऊन टाकली. धनश्री तिथं बसली. विश्वजीतनं पंख आत नेला. आधी काही ऐकू आलं नाही. मग पाण्याचा पाइप सुरू झाला आणि पॉलिश पेपर फिरायला लागला, खर्र... खर्र... तिनं कान झाकले नाहीत. घटकाभरानं शेडाच्या उंबऱ्याखालून पाणी बाहेर आलं. निळं. मातीतून वाट काढत, ढेकळाला वळसा घालत ते पाट सोडून उतारानं वाहत राहिलं, आणि कोंबड्यांच्या खड्ड्यावरच्या पडीक मातीत जिरून गेलं. धनश्री ते बघत रडली. हळूहळू रडली, कारण जोरात रडायला श्वास पुरत नव्हता.

दुपार कलली तेव्हा विश्वजीत बाहेर आला. कोपरांपर्यंत हात निळे. तो खाटेच्या पायाशी, मातीतच बसला.

"गेलं सगळं?"

"गेलं."

तिनं त्याच्या निळ्या पंजांकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "आबांना आमच्या आईकडं पाठवशील?"

त्यानं वर पाहिलं.

"पाठवलंस तर सगळं सांगून पाठव. पोरगी रंगाच्या कामाची न्हाई राहिली. रानातलं जड काम तिच्यानं व्हणार न्हाई. थंडीत रातरात उठून बसती. आन् दोन जिने चढवत न्हाईत तिला."

"आबा कालच विचारत व्हते, कारेगावला जायचं कवा म्हणून," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "आन् आमच्या घराला जिना न्हाई."

धनश्रीला हसू आलं. हसता हसता खोकला आला आणि लवकर थांबेना. विश्वजीतनं घाई केली नाही, पाठीवर थापटलं नाही. पर्समधला पंप काढून निळ्या हातानं तिच्यापुढं धरला, आणि तिचा श्वास जागेवर येईपर्यंत तसाच बसून राहिला.