कळव्याच्या खाडीतला ठिपका

रविवारी अंघोळ उरकली की नामा विमान चालवायला बसायचा. खरं विमान नव्हे हो, कळव्याच्या कोळीवाड्यात, घरच्या कॉम्प्युटरवर. पण गड्याचा थाट वैमानिकाचा. आधी फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅममध्ये मार्ग आखायचा, कुठून, कुठे, वेग किती, आणि मगच उड्डाण.

सत्त्याण्णव सालच्या एका रविवारी त्याने जुहू ते नाशिक मार्ग आखला, तर रेघ मध्येच खाडीकडे वाकली. तिथे एक ठिपका. नामाने तो टाकलेलाच नव्हता. पुसला, परत आला. प्रोग्रॅम काढून नव्याने भरला, तरी तेच. नामाचं डोकं फिरलं.

तेवढ्यात त्याची आई, आवडाबाई, चहा घेऊन आली.

"काय रं हा?"

"नकाशा. ही खाडी, हे आपलं घर. आणि ही प्रोग्रॅमची चूक."

"चूक नाय. तुज्या बापसाची जालं टाकायची जागा हाय ती."

बाप, धाकू, नऊ वर्षांपूर्वी होडीसकट खाडीत गेलेला. प्रेत मिळालं नाही, म्हणून ही बाई अजून कपाळभर कुंकू लावायची, रोज त्याचं ताट वाढायची. दिवस करून टाकू म्हणून नामाने जीव आटवला, पण ऐकेल तर शपथ!

"आई, तो मेला. कधी कळणार तुला?" नामा ओरडला. तिने शांतपणे कप उचलला.

मग ठिपका सरकू लागला. भरतीला घराकडे यायचा, ओहोटीला थांबायचा. आवडाबाई बोटांवर तिथी मोजून भरतीची वेळ सांगायची आणि अगदी त्याच वेळेला तो हलायचा. नामाने दोन रात्री जागून प्रोग्रॅम तपासला. चूक सापडेना, आणि आईच्या तोंडावरचा आनंद त्याला बघवेना.

"पुनवेला दारात यील," ती म्हणाली.

पुनवेच्या दुपारी ठिपका घरावर आला. खोलीत चिखलाचा वास भरला. नामाने मार्गाचा आराखडा उघडला. निघायचं ठिकाण, घर. पोहोचायचं, जाळ्याची जागा. वेग, होडीचा. खाली प्रवाशांचा रकाना असतो, त्यात आकडा होता दोन.

तो धावत बाहेरच्या खोलीत आला. आवडाबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती.

"कुठे निघालीस...?"

"तुजा बापूस थांबलाय रं. ओहोटी लागंल आता..."

नामाने तिला आत घेऊन दाराला कडी घातली, दाराकडे पाठ करून तिचा हात धरला. हात गार होता, ओला होता. नऊ वर्षं बापाला सोड म्हणून तो तिच्याशी भांडला होता. आता तोच तिला सोडेना.

"तुला एकटीला... नाही जाऊ देणार," तो कसाबसा म्हणाला.

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या खांद्यावरून त्याला आतल्या कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. रकान्यातला आकडा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला. तीन.