सहा मिनिटांनंतर ऐकू नये

ही घडलेली गोष्ट आहे.

रात्रीची नाही. अमावास्येची तर नाहीच.

२१ फेब्रुवारी २०२४, बुधवार. दुपारचे दोन पन्नास. जागा, वसईतलं गिरीज. पेव्हर ब्लॉकवर अनवाणी पाय ठेववणार नाही असं ऊन.

जिच्या बाबतीत घडली ती अश्लेषा. तिच्याकडे दहा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे. तिने मला दोनदा विचारलं, ऐकतोस का? दोन्हीदा मी विषय बदलला.

ज्याला खोटं वाटेल त्याला वाटो. तो सुखी.

*

अश्लेषा सांगलीची. तीन महिन्यांसाठी पाहुणी संशोधक म्हणून वसईला आली होती.

संस्था गोखिवऱ्यात. खाली लोखंडकामाचे गाळे, वर तिसऱ्या मजल्यावर संस्था. शहरं कशी वाढतात, आसपासचा मुलूख कसा खात जातात, त्याचा अभ्यास तिथे चालतो. भूगोलवाले, इतिहासवाले, घरं बांधणारे, माणसं मोजणारे... सगळे एका टेबलावर चहा पितात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. हे मत रेजिनाचं. रेजिना म्हणजे संस्थेचं ऑफिस सांभाळणारी बाई. संस्थेत मूळची वसईकर तेवढी ती एकटी.

"तीन महिने ना?" खोलीची किल्ली देताना ती म्हणाली. "तीन महिन्यांत वसई कळते बाबा तुम्हा लोकांना. मला अठ्ठावन्न वर्षं झाली, मी अजून डोकं खाजवते."

किल्लीबरोबर तिने एक जाडजूड निळी फाइल दिली. फाइलवर लिहिलं होतं... पुढच्यासाठी.

ही तिथली रीत. प्रत्येक पाहुण्याने जाण्याआधी पुढच्या पाहुण्यासाठी लिहून ठेवायचं. कुणाला भेटावं, कुणाच्या दारात कुत्रा आहे, कोण बोलतं, कोण नुसताच चहा पाजतं.

अश्लेषाचं काम बावखळांवर होतं. बावखळ म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. केळी, भाजी सगळी त्याच्यावर पोसायची. एकेक करून ती बुजली. वर इमारती आल्या. तिच्या यादीत एकतीस बावखळं होती, त्यातली एकोणीस बुजलेली.

कामाची पद्धत ठरलेली. जिथे पाणी होतं त्या जागेवर जायचं. आधी दहा मिनिटं 'मोकळी नोंद' घ्यायची, म्हणजे कुणी बोलायचं नाही, फक्त यंत्र चालू. आता तिथे काय ऐकू येतं ते टिपायचं. मग जवळच्या एखाद्या जुन्या माणसाला बोलतं करायचं.

नोंद चालू असताना फोन बंद. नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते.

फोन बंद...

आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावी, अशाच एका नोंदीसाठी तिने फोन बंद ठेवला होता. चालू केला तेव्हा संकेतचे, तिच्या धाकट्या भावाचे, सात मिस्ड कॉल. तीन पाच ते तीन चाळीस.

बाबा गेले होते.

"झोपेतच गेले गं ताई," संकेत म्हणाला होता. "शांत होते. काही म्हणाले नाहीत."

तिने विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

*

क्र. १७. गिरीज.
बावखळ: बुजवलेलं, २०११. आता इमारतीचं पार्किंग.
कोण बोलेल: आनंदीबाई. शेजारच्या उरलेल्या वाडीत एकट्या राहतात. निघताना सुकेळी देतात, नाही म्हणू नये.
मोकळी नोंद: केली.
ऐकू आलं:

निळ्या फाइलीतल्या या नोंदीत पुढे कोरं. त्याखाली दुसऱ्या पेनाने, वाकड्या अक्षरात...

सहा मिनिटांनंतर ऐकू नये.

"हे कुणी लिहिलंय?"

"हर्षवर्धन," रेजिना म्हणाली. "तुझ्या आधीचा. नऊ दिवस आधीच गेला. चार्जर इथेच राहिला त्याचा. म्हटलं कुरिअर करते, तर म्हणे राहू दे. लॅपटॉपचा चार्जर. राहू दे म्हणाला."

"असं का?"

"विचारलं नाय. तुम्हा लोकांना विचारलं की तुम्ही मुलाखत द्यायला बसता."

अश्लेषा हसली. फाइल मिटली.

*

मिनिट १. गिरीजचं ते पार्किंग. इमारतीची लिफ्ट. तिचं दार नीट न लागल्याची तक्रार... कृपया दरवाजा बंद करें.

मिनिट २. साळुंक्या. लांबवर कुणाचा तरी कुकर.

मिनिट ३. इंजिन. टुक... टुक... टुक... अश्लेषाने वहीत लिहिलं, पार्श्वभूमीला डिझेल पंप.

मिनिट ४. इंजिन जवळ आलं.

म्हणजे ती जागची हलली नव्हती. इंजिनच जवळ आलं.

तिने एका कानावरचा हेडफोन उचलला...

काही नाही. साळुंक्या. कुकर.

परत लावला. टुक टुक टुक टुक.

मिनिट ५. पाणी. नळाचं नव्हे, बादलीचं नव्हे. मोठं पाणी. काठाला लागून माघारी जाणारं.

ती उभी होती ती जागा कोरडी ठक्क होती. चार गाड्या. एका गाडीखाली मांजर झोपलेलं.

मिनिट ६. पावलं.

ओली. अनवाणी. चप... चप... चप...

तिच्या मागून.

तिने हेडफोन ओरबाडून काढले आणि वळली.

कुणी नाही. मांजर मात्र उठून बसलं होतं. तिच्याकडे बघत नव्हतं. तिच्या शेजारी बघत होतं.

यंत्र तिथेच चालू ठेवून ती सावलीकडे चालत गेली. पळाली नाही, असं ती अजून सांगते.

*

कुंपणापाशी आनंदीबाई उभ्या होत्या. पहिल्या मिनिटापासून उभ्या असाव्यात. नऊवारी, हातात कोयती, केळीची वाळकी पानं छाटायला निघालेल्या.

"तोंड का गं उतरलं? ऊन लागलं?"

"आजी... इथे कुणाकडे इंजिन आहे का? पाण्याचं?"

"इंजिन?" आनंदीबाईंनी कोयती हळूच खाली ठेवली. "आता सगळ्यांकडे लाइटीची मोटर. इथलं शेवटचं इंजिन माझंच. चौऱ्याण्णव साली भंगारात घातलं."

मग म्हणाल्या, "ये. बस. तुला आलं ऐकू."

अंगणातल्या बाकावर दोघी बसल्या. आनंदीबाईंनी पाणी दिलं. सांगायला लागल्या तेव्हा आवाजात रडू नव्हतं. इतक्यांदा सांगितलेलं होतं की रडू झिजून गेलं होतं.

मुलगा उमंग. उशिरा झालेला, एकुलता. नऊ वर्षांचा. मे महिन्याची सुट्टी. आनंदीबाई बावखळाचं पाणी केळींना लावत होत्या, इंजिन चालू होतं. इंजिन चालू असलं की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू यायचं नाही.

"गॅब्रिएल धावत आला. त्या कुंपणाच्या पलीकडचा. मला म्हणतो, बाय, पोर एवढं हाका मारतंय, तुला ऐकू नाय येत? त्याने ऐकली हाक, पलीकडून. मी वीस पावलांवर होते."

"काय म्हणत होता उमंग?"

"तेच तर." आनंदीबाईंनी पदराने बाकावरची नसलेली धूळ पुसली. "गॅब्रिएलला शब्द कळले नाहीत. नुसती हाक कळली. तो मरेपर्यंत मी त्याला विचारत होते. शेवटी बिचारा मी दिसले की वाट बदलायचा."



"तुम्ही लोक यंत्र घेऊन येता," आनंदीबाई म्हणाल्या. "तुमच्या यंत्रात येतं. माझ्या कानात नाय येत. एवढी वर्षं रोज दुपारी तिथे उभी राहते, पायाखाली फरशी आली तरी. मला काय नाय येत. एकदा ते कानाला लावूनपण बघितलं. नुसती साळुंकी."

आणि मग त्यांनी विचारलं. मान वर न करता.

"काठावर खेळताना मारलेली होती का गं हाक? की आतून?"

अश्लेषाला सात मिस्ड कॉल आठवले. तीन पाच ते तीन चाळीस.

तिने तर सहा मिनिटंच ऐकलं होतं. हाक तिने ऐकलीच नव्हती.

"काठावरून," ती म्हणाली. "हसत होता, आजी. 'आये, बघ,' म्हणाला. एवढंच."

"घाबरला नव्हता?"

"नाही. अजिबात नाही."

आनंदीबाईंनी बराच वेळ मान हलवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मग उठून आत गेल्या. केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी आणून तिच्या हातावर ठेवली. वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी.

"हर्षवर्धनपण असंच बोलला होता. त्याच्या आधी ती स्वप्ना आलेली, तीपण. शब्द प्रत्येकाचे वेगळे. पण हसत होता, हे सगळ्यांनी सांगितलं." त्यांनी अश्लेषाच्या गालावरून हात फिरवला. "चांगली पोरं आहात तुम्ही."

अश्लेषाला वर बघता आलं नाही.

यंत्र उचलायला ती पार्किंगमध्ये परत गेली. नोंद दहाव्या मिनिटाला आपोआप बंद झाली होती. मांजर कुठे दिसलं नाही.

*

अकरा दिवस तिने ते रेकॉर्डिंग उघडलं नाही.

पण खोटं बोललेलं टोचत होतं. आणि मनात एक वेडी आशा होती... समजा खरंच हसत असला तर? समजा खरंच 'आये, बघ' म्हणाला असला तर? मग तिचं खोटं खोटं राहणार नव्हतं. आनंदीबाईंना यंत्रासकट जाऊन सांगता आलं असतं.

रविवार होता, संस्थेत ती एकटीच. सकाळचे अकरा. खालचे गाळे बंद. गोखिवऱ्यात रविवारी सकाळी जी शांतता असते ती फार मोठी असते, सहा दिवसांचा ठोकठोकाट तिच्यातून वजा झालेला असतो.

तिने हेडफोन लावले.

लिफ्ट. साळुंक्या. इंजिन. पाणी. पावलं.

सहा मिनिटं.

बोट बंद करायच्या बटणावर होतं...

दाबलं नाही.

मिनिट ७. पावलं थांबली. इंजिन चालू.

मिनिट ८. पाण्यात काहीतरी पडलं. मोठं नाही. नारळ पडावा एवढं. इंजिन चालू.

मिनिट ८, सेकंद ४०.

"आये..."

लहान आवाज. अगदी स्पष्ट. कानाशी.

"आये, इंजिन बंद कर..."

टुक टुक टुक टुक.

"आये गं... इंजिन बंद कर... ऐकू येत नाय का गं..."

तो हसत नव्हता.

मिनिट ९. इंजिन चालू.

मिनिट १०. इंजिन चालू.

अश्लेषाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. यंत्राची बॅटरी काढली. ती खिडकीत ठेवली. मग उठून खिडकीपासून लांब बसली.

हर्षवर्धनने पुढची जागा कोरी का सोडली ते तिला कळलं. तो चार्जरसाठीसुद्धा मागे का वळला नाही तेही.

तीस वर्षं जी बाई एकच गोष्ट मागत होती, ती गोष्ट आता हिच्याकडे होती. खरीखुरी. आणि ती देता येण्यासारखी नव्हती.

*

तिने संकेतला फोन लावला.

"काय गं ताई, आज एकदम फोन? सुकेळी पाठवणार होतीस ना, स्वतःच खाल्लीस वाटतं."

"संकेत, बाबा त्या दिवशी..."

"काय?"

"काही म्हणाले होते का रे?"

पलीकडे संकेत जरासा थांबला. अगदी जरासा. आनंदीबाईंसमोर ती स्वतः थांबली होती, तेवढाच.

"नाही गं. झोपेतच गेले. शांत होते."

तोच शब्द. त्याच जागी. वर्षभर एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

झोपेत शांत गेलेल्या माणसासाठी पस्तीस मिनिटांत सात वेळा फोन कोण करतं?

हे तिने विचारलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. तिला अंगणातला बाक दिसला, आणि हळूहळू हलणारी मान.

"बरं झालं," ती म्हणाली.

 मग संकेत म्हणाला...

"ताई, तुझ्याकडे पंप चालू आहे का?"

"काय?"

"पंप. इंजिनसारखं काहीतरी. मघापासून येतंय. टुकटुक टुकटुक..."

गाळे बंद होते. यंत्र टेबलावर होतं. बॅटरी खिडकीत होती.

तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

"हॅलो? ताई? ते बंद कर ना जरा... मी काय म्हणतोय... ऐकू येतंय का तुला?"

*

क्र. १७. गिरीज.
कोण बोलेल: आनंदीबाई. त्याच विचारतील.
मोकळी नोंद: केली. सहा मिनिटांनंतर ऐकू नये.
ऐकू आलं: हसत होता.

*

जाण्याआधी फाइलीत एवढं लिहून अश्लेषा मार्चअखेर सांगलीला परतली. फाइल रेजिनाकडे आहे. आनंदीबाई आहेत. दुपारी पार्किंगमध्ये उभ्या राहतात, वॉचमन त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवतो.

आता माझ्याशी फोनवर बोलताना अश्लेषा मध्येच थांबते. विचारते, माझ्याकडून कसला आवाज येतोय का रे?

मी नाही म्हणतो.

दर वेळी नाहीच म्हणतो.