तेवीस जणांचा एक कोट

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे.

मला हे जरा जास्तच ठासून सांगावं लागतं. चाळीस वर्षं मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. त्यामुळे मी खरं बोलायला लागलो की लोक आधी हसून घेतात. उद्या माझ्या घराला आग लागली आणि मी ओरडलो, तर शेजारी टाळ्या वाजवतील.

हसून घ्या. मी थांबतो.

झालं?

तर भुताच्या गोष्टीला म्हणे अमावास्या लागते, मध्यरात्र लागते. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. मंगळवार होता. रणरणता उन्हाळा. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. जागा म्हणजे युद्धस्मृती संग्रहालयाची वरची खोली. छत पत्र्याचं, पंखा एक, तोही निवृत्तीला आलेला.

निवृत्त मीही होतो. घरात बसून माझ्यावर विनोद करू नका, कुठेतरी उपयोगी पडा, असं बायकोनं सांगितलं म्हणून मी तिथे जायला लागलो. बिनपगारी.

काम चांगलं होतं, खोटं का बोला. साठ वर्षांपूर्वीच्या त्या डोंगरातल्या युद्धात गेलेले जवान. संग्रहालयाच्या शिपायांनी त्यांच्या घरच्यांकडे जायचं, ट्रंकेच्या तळाशी जपलेले फोटो आणि पत्रं मागायची. मऊ ब्रशानं धूळ झाडायची, स्कॅन करायचं, मूळ वस्तू प्रदर्शन झालं की पावतीसह परत. तेवीस कुटुंबांनी विश्वासानं दिलं.

पण एक पद्धत होती तिथली. फोटो वरच्या खोलीत, पत्रं खालच्या खोलीत. फोटोंखाली चार शब्द लिहायचे ते मी, वर बसून. पत्रांचं सगळं संग्रहालय चालवणाऱ्या साहेबांच्या नजरेखाली, खाली.

म्हणजे मी तेवीस माणसांबद्दल लिहिलं, आणि त्या माणसांनी स्वतः काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही.

ही माझी चूक. ती आधी नोंदवतो, कारण पुढे मी दुसऱ्यांवर रागावणार आहे.

सगळे फोटो एकाच स्टुडिओतले. छावणीच्या गेटासमोरचा स्टुडिओ. आघाडीवर निघण्याआधी प्रत्येकजण तिथे उभा राहून फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा. अंगात जाड लोकरीचा लांब कोट. कॉलर वर केलेली. चेहऱ्यावर हसू.

मी लिहिलं, "उबदार कोटात, हसतमुखानं निघालेला आपला वीर." तेवीस फोटोंसाठी थोडंफार फिरवून तेच. सदर लिहिणाऱ्याचा हात, दुसरं काय.

त्या मंगळवारी नातेवाइकांना मजकूर वाचायला बोलावलं होतं. दुपारी सगळ्यात शेवटी एक आक्का आल्या. वय चौऱ्याऐंशी. जिना कुणाचा हात न धरता चढल्या. भावाच्या फोटोखालचा माझा मजकूर त्यांनी भिंगातून वाचला. मग भिंग रुमालात गुंडाळलं.

"हा कोट कुणाचा, माहितीये तुम्हाला?"

मी म्हटलं, "तुमच्या भावाचा."

"फोटोवाल्याचा."

आणि त्यांनी पत्रातल्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. कोट फोटोवाल्याचा आहे. फोटो झाला की काढून पुढच्याला दिला. आम्हाला अजून मिळालेले नाहीत, वर गेल्यावर मिळतील म्हणतात. आईला सांगू नकोस.

वर गेल्यावरही मिळाले नाहीत. तारेत लिहिलं होतं, आजाराने निधन. बरोबरचा एकजण परत आला, त्यानं सांगितलं की थंडीनं बोटं काळी पडली होती.

आईला वाचता येत नव्हतं. पत्रं आक्का वाचून दाखवायच्या. त्या ओळी आल्या तेव्हा त्यांनी गाळल्या. आई मरेपर्यंत तो फोटो पुसायची आणि म्हणायची, काही असो, पोराच्या अंगावर कोट तरी चांगला होता.

"मी विशीची होते," आक्का म्हणाल्या. "आईसाठी गाळलं. तुम्ही कुणासाठी गाळताय?"

चाळीस वर्षं मी हजरजबाबी म्हणून मिरवलो. त्या दिवशी एवढंच विचारलं, काय लिहू?

त्यांना फार काही नको होतं. फोटोखाली माझ्या शब्दांऐवजी भावाच्या त्या ओळी. शुक्रवारी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, त्याआधी. मी शब्द दिला.

त्या जिना उतरून गेल्या. मी स्कॅनरवाल्या बाईंना म्हटलं, हा फोटो पुन्हा एकदा स्कॅन करा, मजकूर बदलायचाय. बाई पन्नाशीच्या, दोन मुलांची लग्नं लावून मोकळ्या झालेल्या, भूतबाधेपेक्षा पाहुण्यांना घाबरणाऱ्या. त्यांनी फोटो काचेवर ठेवला.

पडद्यावर चित्र आलं...

त्यात कोट नव्हता.

तोच मुलगा. तोच पडदा मागे. पण अंगात पातळ शर्ट, हात छातीशी घट्ट आवळलेले. आणि हसू नाही.

आम्ही काचेवरचा फोटो उचलला. त्यात कोट होता. पुन्हा स्कॅन केला. नव्हता.

"मशीन बिघडलंय, काका," बाई म्हणाल्या, आणि काच पुसायला गेल्या.

हात झटकन मागे घेतला.

स्कॅनरची काच दिव्यानं कोमट असते...

तिच्यावर गोठलेलं दहिवर जमलं होतं.

बुधवारी आम्ही उरलेले बावीस फोटो एकेक करून काचेवर ठेवले. पहिला ठेवला, त्याच्या अंगात कोट आला. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसरा ठेवला, त्याच्याही अंगात. मग त्यांनी सहज पहिल्याची फाइल पुन्हा उघडली...

पहिल्याच्या अंगातला गेला होता.

तिसरा ठेवला, दुसरा उघडा पडला. चौथा ठेवला, तिसरा.

काढून पुढच्याला दिला.

मी तडक खाली गेलो. साहेब जेवायला गेले होते, ते जेवतात निवांत. पत्रांचा गठ्ठा टेबलावर होता. मी तेवीसच्या तेवीस वाचली. प्रत्येकात ते होतं. कुणी बायकोला लिहिलेलं, कुणी काकांना, कुणी मास्तरांना. शब्द वेगळे, गोष्ट एक. कोट माझा नाही. घरी सांगू नका.

आणि प्रत्येक पत्रात त्या ओळीला पेन्सिलीनं हलकासा कंस. बाजूला साहेबांचं सुंदर अक्षर: वगळावे.

तेवीस वेळा.

म्हणजे मी न वाचता खोटं लिहिलं. साहेबांनी वाचून लिहवून घेतलं.

साहेब आल्यावर मी सरळ विचारलं. ते चिडले नाहीत, चिडण्याइतकं त्यांना काही वाटतच नाही. ते म्हणाले, "प्रदर्शनाचं नाव 'अभिमान' आहे. गाऱ्हाणी कशाला?" मग आवाज खाली आणून प्रमुख पाहुणे कोण आहेत ते सांगितलं. त्या युद्धाच्या वेळी पुरवठा खात्याचे जे सर्वेसर्वा होते, त्यांचे चिरंजीव.

नीट लक्षात घ्या. ज्यानं कोट पोचवले नाहीत त्याच्या मुलाच्या हस्ते, कोट घातलेल्यांचं उद्घाटन. हे मी सदरात लिहिलं असतं तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

मी वरचा प्रकार सांगितला. साहेब हसले. मग पत्रांचा गठ्ठा आणि पत्त्यांची वही त्यांनी माझ्यासमोर लोखंडी कपाटात टाकली आणि किल्ली खिशात.

"तुम्ही शुक्रवारी सूत्रसंचालन करा. लोकांना हसवा. ते तुम्हाला छान जमतं."

शुक्रवार. सकाळचे अकरा. खचाखच भरलेला हॉल. एसी बंद, तो दोन वर्षं बंदच आहे. लोक निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होते. पहिल्या तीन रांगांत जवानांच्या घरची माणसं. तेविसांपैकी एकोणीस घरची आली होती, मी दारात स्वतः मोजली होती. चौघांच्या घरचं कुणी नव्हतं.

आक्का पहिल्या रांगेत. माझ्याकडे बघत नव्हत्या.

भिंतीवर तेवीस मोठी चित्रं, त्यांवर मखमली पडदा. छापली होती ती दोन महिन्यांपूर्वीच्या जुन्या स्कॅनवरून. कोट असलेल्या. आदल्या दिवशी टांगताना मी डोळ्यांनी बघितली होती.

चिरंजीवांनी दोरी ओढली.

टाळ्या सुरू झाल्या...

आणि मध्येच तुटल्या.

बावीस जण शर्टावर उभे होते. हात छातीशी. शेवटच्या चौकटीतला तेवढा कोटात.

कुणी ओरडलं नाही. फक्त वारा घेणाऱ्या पत्रिका एकेक करून थांबल्या. साहेब माझ्या कानाशी आले आणि दात न उघडता म्हणाले, बोलत राहा, काहीतरी विनोद करा.

मी माइकसमोर तोंड उघडलं...

तोंडातून वाफ निघाली.

माझ्या खिशात सहा विनोद होते, चाललेले, हमखास. मी ते खिशातच ठेवले. म्हटलं, "कोट फोटोवाल्याचा आहे. फोटो झाला की काढून पुढच्याला दिला." पुढचं मला म्हणावं लागलं नाही. आक्का उभ्या राहिल्या होत्या. उरलेल्या ओळी त्यांनीच म्हटल्या, ठणठणीत आवाजात. "आईला सांगू नकोस" सुद्धा.

मग तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे उठले. त्यांनी त्यांच्या भावाची ओळ म्हटली. मग एका पुतणीनं तिच्या काकांची. कुणाला कागद लागला नाही. साठ वर्षं प्रत्येक घराला वाटत होतं, ही लाज आपल्या एकट्याचीच. आता एक संपला की दुसरा उभा. रडणं नव्हतं त्यात. राग होता. जुना, मुरलेला.

चिरंजीव मधल्या दारानं निघून गेले.

मी सवयीनं बोटांवर मोजत होतो, सूत्रसंचालकाला मोजावं लागतं. तेवीस झाले. मी भिंतीकडे पाहिलं. शेवटच्या चौकटीतही आता कोट नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी छपाईतला दोष म्हणून चित्रं उतरवली. अहवालात लिहिलं, कार्यक्रम उत्साहात पार पडला. आक्कांनी जाताना मला एवढंच सांगितलं, "आज झोप लागेल." मीही घरी जाऊन झोपलो.

शनिवारी सकाळी स्कॅनरवाल्या बाईंचा फोन आला. कार्यक्रम त्यांनी नेहमीसारखा मोबाइलवर रेकॉर्ड केला होता.

"काका, घरं किती आली होती?"

"एकोणीस."

"आणि बोलले किती?"

मी तेवीस म्हणालो...

आणि चपला पायात सरकवल्या.

आम्ही दोघांनी मिळून ऐकलं. एकोणीस आवाज पिकलेले, थरथरते, ओळखीचे. मधूनमधून चार आवाज कोवळे. विशी-बाविशीतले. आणि ते चौघे बोलताना शब्दांच्या मध्ये एक टकटक. बारीक, भराभर. आधी वाटलं माइकचा दोष.

दात वाजत होते.

पंधरा दिवसांनी एका बाईंनी संग्रहालयात फोन करून भांडण काढलं की आमचा फोटो घेतलात आणि आम्हाला बोलावलं नाहीत. न आलेल्या चौघांपैकी एकाची मुलगी. मी पत्ता विचारून घेतला आणि एका दुपारी गेलो. खिशात ते रेकॉर्डिंग भरलेला माझा मोबाइल.

ती साठ वर्षांची. वडील आघाडीवर गेले, त्यानंतर दोन महिन्यांनी जन्मलेली. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ टेबल, शिलाई मशीन, खुर्चीच्या पाठीवर शाल. तिनं वडिलांना कधी पाहिलं नाही. आवाज तर नाहीच. पत्र मात्र पाठ.

ऐकवू की नको? मी पाण्याचा पेला दोनदा रिकामा केला. मग म्हटलं, आपण गाळायचं काम आधीच फार केलंय.

ऐकवलं.

कोट उसना आहे. बाळाला मोठा झाल्यावर सांग, बाप फोटोत दिसतो तेवढा ऐटबाज नव्हता.

ती मोबाइलकडे वाकली. मग म्हणाली, "पुन्हा लावा." मी लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"दात का वाजताहेत त्यांचे?"

याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे ते अहवाल लिहितात.

तिनं खुर्चीवरची शाल उचलली आणि टेबलावरच्या मोबाइलभोवती गुंडाळली. हळूच, झोपलेल्याला पांघरतात तशी. आवाज आतून चालूच होता...

टकटक मंदावली.

थांबली.

मी घरी येऊन पुन्हा पुन्हा ऐकलंय. त्या एका आवाजात आता दात वाजत नाहीत. शब्द स्वच्छ येतात. बाकी तिघांचे वाजताहेत. रोज जरा जास्त. परवा तर त्यांतल्या एकाचा शब्दच लागेना.

मी त्यांच्यावर शाल घालून पाहिली. बायकोची, माझी, घरातलं प्रत्येक पांघरूण. काही होत नाही. परक्याच्या हातची ऊब त्यांना चालत नाही, घरचंच कुणी लागतं.

त्या तिघांचे पत्ते लोखंडी कपाटातल्या वहीत आहेत. मी सात अर्ज केले. काल स्वतः गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून, विनोद न करता विनवणी केली.

साहेब फाइलमधून मान वर न करता म्हणाले, एवढ्या उन्हाळ्यात थंडी कुणाला वाजतेय?